पाहिजे : एक विश्वासू मेकॅनिक

२०१७ सालच्या गुढीपाडव्याला आमच्या घरी मोटार आली, तेव्हा आम्ही सोसायटीतल्या सोळाही बिऱ्हाडांत पेढे वाटले. तसे पाहिले तर गाडी काही कोरी करकरीत नव्हती. आमच्याच महाविद्यालयातले एक प्राध्यापक निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरला निघाले होते. त्यांनी सहा वर्षे वापरलेली आपली लहानशी गाडी मला रास्त किमतीत दिली. तरीपण आमच्या सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चिरंजीवांनी समोर लिंबू-मिरची बांधली आणि आईने चाकाखाली नारळ फोडायला लावला. सगळे यथासांग झाले. एकच गोष्ट राहिली. ही गाडी बिघडली तर न्यायची कुणाकडे, हा प्रश्न कुणाच्याही मनात आला नाही.

आज विचार केला म्हणजे वाटते, गाडी मिळाल्याचे पेढे वाटण्यात काही अर्थ नव्हता. पैसे टाकले की गाडी कुणालाही मिळते. पेढे वाटायला हवे होते ते मेकॅनिक मिळाला त्या दिवशी. पण तो दिवस उगवायला पुढे पाच वर्षे जावी लागली.

मी पेशाने मराठीचा अध्यापक. आर्येत एक मात्रा कमी पडली तर माझ्या कानाला लगेच खटकते; पण इंजिनाची लय चुकली तर मला ते मागच्या गाडीवाल्याकडून कळते. अशा माणसाने गॅरेजात पाऊल टाकले की त्याच्या चेहऱ्यावरच 'या, आणि मला फसवा' असे लिहिलेले असते की काय कोण जाणे!

थंडगार खोलीतले बिल

पहिली दोन-तीन वर्षे मी गाडी एका मोठ्या, झगझगीत सर्व्हिस सेंटरमध्ये नेत असे. तिथे वातानुकूलित खोली होती, गुबगुबीत सोफा होता, फुकट कॉफी होती आणि टाय लावलेला एक अतिशय गोड बोलणारा तरुण होता. त्याला मेकॅनिक म्हणायचे नाही, 'सर्व्हिस अॅडव्हायझर' म्हणायचे. तो सकाळी नऊ हजारांचा अंदाज लिहून देई आणि संध्याकाळी सोळा हजारांचे बिल हातात ठेवी. मधल्या वेळात गाडीला काय काय झाले, हे त्या बिलावरून कळावे अशी अपेक्षा. पण ते बिल म्हणजे एक गूढकाव्यच होते. 'इंजिन फ्लश', 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग', 'एसी डिसइन्फेक्टंट', 'अँटी-रस्ट कोटिंग'! मी लाल पेन काढून त्यातल्या स्पेलिंगच्या तीन चुका दुरुस्त केल्या. बिलाची रक्कम मात्र मला दुरुस्त करता आली नाही.

एकदा धीर करून विचारले, "ब्रेक पॅड बदलले म्हणता, तर जुने कुठे आहेत?"

"सर, ते स्क्रॅपमध्ये गेले," तो तरुण हसून म्हणाला, आणि त्याने आणखी एक कॉफी मागवली.

आता इतक्या वर्षांनी मला कळले आहे की, बदलायला हवे ते काय आणि किती किलोमीटरनंतर, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले असते. ती पुस्तिका पहिल्या दिवसापासून माझ्या गाडीच्या समोरच्या कप्प्यात होती. ज्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'मूळ ग्रंथ वाचा, गाइडे वाचू नका' असे सांगितले, त्याने हा एकच मूळ ग्रंथ उघडला नव्हता.

खडखड कुठली?

मग मेव्हणे मदतीला धावून आले. (मेव्हणे नेहमीच धावून येतात.) "दाजी, तुम्ही त्या काचेच्या महालात कशाला जाता? माझा एक माणूस आहे. एकदम घरचा!"

त्या घरच्या माणसाकडे मी गाडी नेली, कारण तिच्या मागच्या बाजूने खडखड असा आवाज येत होता. त्याने एक चक्कर मारली, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "शॉकअप गेलेत, साहेब." शॉकअप बदलले. खडखड तशीच. मग म्हणाला, "बुश गेलेत." बुश बदलले. खडखड होतीच. सात हजार आठशे रुपये झाले. शेवटी एका रविवारी चिरंजीवांचा क्रिकेटचा चेंडू डिकीत कुठेसा गडप झाला. तो शोधायला त्याने खालचे आच्छादन उचलले, तेव्हा स्टेपनीच्या शेजारी जॅकचा दांडा मोकळा पडलेला सापडला. खाचेत बसवला, खडखड बंद. चेंडूही सापडला.

यात लबाडी किती आणि अज्ञान किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एक दोष माझाही होता. "मागचे शॉकअप वाजतात का बघा," असे मीच पहिल्यांदा म्हणालो होतो. डॉक्टरकडे जाऊन आपणच रोगाचे नाव सांगितले, की डॉक्टरलाही त्याच रोगाचे औषध देण्याचा मोह होतो. गाडीच्या बाबतीत आपण लक्षणे सांगावीत : आवाज केव्हा येतो, इंजिन गार असताना की तापल्यावर, खड्ड्यातून जाताना की वळताना, किती वेगाला. निदान त्याच्यावर सोडावे. हल्ली नव्या गाड्यांना संगणक जोडून दोष वाचतात, तेव्हाही तेच खरे आहे. यंत्र जो आकडा दाखवते ते लक्षण असते. कुठला भाग बदलायचा हे माणसालाच शोधावे लागते.

राजाराम पुलाजवळ

इथवरच्या गोष्टी हसण्यावारी नेण्याजोग्या होत्या. पैसे गेले, इतकेच. पण २०१९ साली वडील वारले आणि आई आमच्याकडे राहायला आली. २०२१ मध्ये तिची मूत्रपिंडे थकली, आणि आठवड्यातून दोनदा डायालिसिस सुरू झाले. आमचे घर सिंहगड रस्त्यावर, रुग्णालय डेक्कनच्या बाजूला. एका वेळी चार तास यंत्रापाशी पडून राहायचे. परत येताना तिच्या अंगात उभे राहण्याइतकीही ताकद नसे. गाडी ही आमच्या घरात तोवर हौस होती. त्या दिवसापासून ती औषधाच्या बाटलीसारखी झाली.

२०२२ च्या जून महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेआठची वेळ. त्या वेळी सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचे काम चालू होते आणि गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागच्या सीटवर आई आणि ही. राजाराम पुलाच्या अलीकडे आई म्हणाली, "अरे, कसला वास येतोय? काहीतरी उतू गेल्यासारखा."

मी म्हटले, "बाहेरचा असेल."

"बाहेरचा नाही. बंद कर आधी गाडी!" लहानपणी दूध उतू जाताना ती ज्या आवाजात ओरडायची, अगदी त्याच आवाजात ती बोलली. मी निमूटपणे किल्ली फिरवली. तेव्हा कुठे माझे लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेले. तो वर लाल रेघेला टेकला होता आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती.

मी घाईघाईने उतरून रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार, इतक्यात शेजारच्या रांगेतला एक रिक्षावाला ओरडला, "ओ सर! हात लावू नका, भाजून निघाल! आत उकळतं पाणी आहे." त्याने रिक्षा बाजूला घेतली, आईला हाताला धरून रिक्षात बसवले आणि दोघींना रुग्णालयात नेऊन सोडले. वेळेवर सोडले. मीटरपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

माझी गाडी टोइंगवाल्याने ओढून जवळच्याच एका गॅरेजात नेली. मालकाने पाच मिनिटे पाहिले. "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागणार. अठ्ठावीस हजार धरून चाला."

मी होकार देण्याच्याच बेतात होतो; आईच्या पुढच्या डायालिसिसला तीनच दिवस होते. तेवढ्यात हिचा फोन आला. "अहो, तिथे काही करू नका. रिक्षावाल्याने एका मिस्त्रींचा नंबर दिलाय. त्यांच्या भावाची टूरिस्ट गाडी त्यांच्याकडेच असते. आधी त्यांना दाखवा."

सहा वर्षांची एम.ए.पर्यंतची विद्या आणि वीस वर्षांचा अध्यापनाचा अनुभव जे सांगू शकला नाही, ते त्या रिक्षावाल्याने सांगितले : ज्याचे पोट गाडीवर आहे तो आपली गाडी कुणाकडे नेतो, हे बघावे. हौशी मालकाला फसवले तर तो वर्षाने कुरकुरतो. टूरिस्टवाल्याला फसवले तर तो दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात उभा असतो.

ताकासारखे तेल

मिस्त्रींची जागा म्हणजे वारज्याच्या बाजूला एक पत्र्याची शेड. सोफा नाही, कॉफी नाही; एक पालथा घातलेला ऑइलचा डबा, त्यावर बसायचे. मिस्त्री पन्नाशीचे, कृश, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मी 'हेड गॅस्केट' हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी मान वर करून विचारले, "कुणी सांगितलं? खोलून बघितलं का?"

गाडी तोवर गार झाली होती. त्यांनी इंजिन ऑइलचे झाकण काढून मला दाखवले. "तेलात पाणी गेलं असतं ना सर, तर इथं ताकासारखं पांढरं दिसलं असतं. काही नाही." रेडिएटर भरला, इंजिन सुरू केले, तोंडापाशी पाहिले. "गॅस्केट गेलं असतं तर इथं बुडबुडे आले असते." मागे सायलेन्सरपाशी गेले. "पांढरा धूर पण नाही." मग पोराला चहा सांगितला आणि आम्ही दोघे काट्याकडे बघत बसलो. काटा हळूहळू चढला, आणि रेडिएटरमागचा पंखा मात्र ढिम्म हलला नाही. मिस्त्रींनी इंजिन बंद केले, फ्यूजच्या डब्यातून एक काळा चौकोनी तुकडा काढला आणि त्याच्या जागी हॉर्नचा तसलाच तुकडा खोचला. पंखा भर्रकन फिरू लागला.

"हा रिले. पंख्याला करंट देतो. पळत्या गाडीला वारा लागतो, म्हणून तुम्हाला एरवी कळलं नाही. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की पंख्यानंच वारा घालायचा, आणि पंखा तर बंद."

बिल झाले ते असे : रिले २६० रुपये, कूलंट ३८०, मजुरी २००. एकूण ८४०.

मी पाकीट काढले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "गाडी कुणी बंद करायला लावली? आजींनी? मग आजींचे पाय धरा. अजून दोन किलोमीटर चालवली असती तर हेड वाकडं झालं असतं. मग खरंच अठ्ठावीस हजार."

जाता जाता त्यांनी आणखी एक विचारले. "यात नुसतं पाणीच होतं. कुठलं घालता?"

"सोसायटीच्या नळाचं."

"म्हणजे टँकरचं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तसा आत बसलाय. कूलंटच घालायचं, आणि त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर. रेडिएटर आतून खराब झालाय. पण आत्ता बदलू नका, चालेल. पुढच्या उन्हाळ्यात बघू."

लिंबू आणि अर्थशास्त्र

ही हकिकत मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक खुलले. म्हणाले, "आपण गाडीला लिंबू बांधतो ते दृष्ट लागू नये म्हणून. अमेरिकेत खराब गाडीलाच लिंबू म्हणतात! जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली याच लिंबांवर एक निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यामागे तो निबंध होता." त्याचा मथितार्थ असा की, विकणाऱ्याला मालाची खरी परिस्थिती ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्यांवरच संशय घेतो, चांगल्या मालालाही चांगली किंमत देत नाही, आणि मग चांगला माल बाजारातून हळूहळू काढता पाय घेतो. १९७३ साली डार्बी आणि कार्नी या दोघांनी आणखी एक गोष्ट मांडली. आंबा गोड आहे की नाही हे खाल्ल्यावर तरी कळते; पण दुरुस्ती ही अशी वस्तू आहे की ती गरजेची होती की नव्हती, हे पैसे दिल्यावरही कळत नाही.

"मग यावर उपाय?" मी विचारले.

"उपाय काय! माणूस ओळखायचा," ते म्हणाले, आणि तास घ्यायला निघून गेले.

माणूस ओळखायचा खरा, पण कसा? मी माझ्यापुरते काही नियम केले. मोठे काम देण्याआधी एखादे लहान काम, निदान ऑइल बदलण्याचे, देऊन पाहावे. खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा, आणि वाढीव काम निघाले तर आधी फोन करायला सांगावे. जुने सुटे भाग परत मागावेत. इंजिन खोलायची भाषा निघाली की दुसऱ्याचे मत घ्यावे. आणि पावती घ्यावी. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. शिवाय मला वाटते, चांगला मेकॅनिक तुम्हाला नको असलेल्या खर्चापासून परावृत्त करतो. त्या वर्षात मी एकदा टायर बदलायला निघालो होतो. मिस्त्रींनी मला टायरच्या खाचांमधल्या बारीक उंचवट्यांवर बोट ठेवायला लावले. "रबर या खुणेला टेकलं की बदलायचं. अजून वेळ आहे."

तांबडा ठिपका

इथे ही गोष्ट संपली असती तर मला ती लिहायला बरे वाटले असते. पण पुढचा भाग सांगितल्यावाचून ती खरी होणार नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये काटा पुन्हा थोडा वर सरकू लागला. मिस्त्रींनी पाहिले आणि म्हणाले, "आता रेडिएटर बदलू, सर. पाच हजार दोनशे लागतील."

एक वर्षभर शे-दोनशेची बिले भरण्याची सवय झाली होती. पाच हजार हा आकडा ऐकला आणि माझ्या मनात काहीतरी सळसळले. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालेही, "सुरुवातीला सगळेच प्रामाणिक असतात. आधी विश्वास बसवतात, मग हात मारतात." मागच्या वर्षी त्यांनीच 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हटले होते, हे मी साफ विसरलो. त्या रात्री मी हिच्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली, खाली पार्किंगमध्ये गेलो आणि बॅटरीच्या उजेडात रेडिएटरच्या कोपऱ्यावर एक तांबडा ठिपका लावला. जुनाच रेडिएटर धुऊन पुन्हा बसवला, तर आपल्याला कळेल!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आणायला गेलो. मिस्त्रींनी जुना रेडिएटर वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता. त्याची बाजूची टाकी सोडवून त्यांनी मला आतल्या नळ्या दाखवल्या. निम्म्याहून अधिक नळ्या तांबूस-पांढऱ्या चुन्याने बंद झाल्या होत्या. तो माझ्या नळाच्या पाण्याचा, माझ्या सहा वर्षांच्या आळसाचा चुना होता. मग त्यांनी रेडिएटर उलटा केला आणि त्या तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवले.

"सर, तुमची खूण बघून घ्या. बरोबर आहे ना?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. मी काहीतरी पुटपुटलो. वर्गात एका तासाला पन्नास मिनिटे अखंड बोलणारा मी. मला एक सरळ वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणालो, "चुकलं माझं, मिस्त्री."

"चुकलं काय त्यात? खूण करावीच. मी पण नाना पेठेतून माल आणतो तेव्हा खोका फोडून बघतो. वर कंपनीचं नाव आणि आत डुप्लिकेट, असं मलाही दोनदा मिळालंय. मग गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्रीनंच फसवलं." ते थोडे थांबले. "फक्त एवढंच सर, पुढच्या वेळी मला सांगून खूण करा. माझ्यासमोर. पोरगा इथं काम शिकतो. त्यानं सकाळी ठिपका बघितला आणि मला विचारलं, 'हे काय?' त्याला काय सांगू, मला कळेना."

तो पोरगा कोपऱ्यात पाने पुसत उभा होता. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याचा आजोबा याच हातांनी पद्मिनी गाड्या दुरुस्त करत असे. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

घरी येऊन सगळे आईला सांगितले. ती पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. ती म्हणाली, "मी आठवड्यातून दोनदा त्या यंत्रापुढे हात करते. माझं सगळं रक्त बाहेर जाऊन परत येतं. मला त्यातलं काय कळतं? पण मी त्या पोराला विचारते, बाबा रे, हे काय, ते काय. तो सांगतो. कधी चिडत नाही. परवा म्हणाला, आजी, या यंत्राला साधं पाणी चालत नाही, खास शुद्ध केलेलं लागतं. नाहीतर माणसाला अपाय होतो." ती हसली. "मला शुद्ध पाणी, आणि त्या बिचाऱ्या गाडीला टँकरचं! विचारलं की न चिडता सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा. एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

त्यानंतर मी खूण केली नाही. विचारायला मात्र लागलो. ऑइलच्या डब्यावर बसून मी आता रिले, थर्मोस्टॅट, क्लच असले शब्द शिकतो. मिस्त्री कधी कधी मला 'ऐच्छिक' ऱ्हस्व की दीर्घ ते विचारतात, कारण पोराचे अर्ज त्यांनाच भरावे लागतात. आई आता पंचाहत्तरीला आली आहे. आठवड्याच्या दोन फेऱ्या चालू आहेत, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत गाडीमुळे तिची एकही वेळ चुकलेली नाही.

यंदाच्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला आणि पेढ्यांचा एक पुडा घेऊन आम्ही सगळे शेडवर गेलो. आई गाडीतच बसली होती. मिस्त्रींनी हात पुसले आणि विचारले, "पेढे कशाचे, सर? नवी गाडी घेतली?"

"नाही. मेकॅनिक मिळाल्याचे. जरा उशीरच झाला."

मिस्त्री हसले. त्यांनी पहिला पेढा गाडीपाशी जाऊन आईच्या हातावर ठेवला. तिला पथ्य म्हणून तिने त्यातला कणभरच तोंडात टाकला. मग सवयीने त्यांनी बॉनेट उचलले, आत डोकावले आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"ते सगळं ठीक आहे, सर. पण आधी सांगा, पाणी कुठलं घातलंय?"